डबा ठेवून जावा

विलासचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. त्याच्या दोन भाच्या लग्नाच्या आहेत, आणि आमच्या कोल्हापुरात लोकांची स्मरणशक्ती नको तिथं फार चांगली असते. तसा तो काही मोठा माणूस नव्हता. त्याच्यावर कुणी लिहावं असं त्यानं काही केलं नाही, आणि जे केलं ते एकदा पेपरात छापून आलेलं आहे. पण पेपरात आला तो विलास अर्धाच होता. उरलेला अर्धा अडीच वर्षं माझ्या घरासमोर पिठानं पांढरा होऊन उभा होता, आणि तो मी रोज बघत होते.

तिसरी-चौथीला तो माझ्या वर्गात होता. अक्षर सुरेख, बोलणं त्याहून गोड. चौथीत असताना एकदा सहा पोरं शाळेला आली नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सहाही जणांनी बापाची चिठ्ठी आणली, 'मुलास ताप होता.' सहा बाप, सहा वळणांची अक्षरं, खाली सहा सह्या. मला शंकासुद्धा आली नसती. पण त्या सहाजणांना रंकाळ्यात डुंबताना आमच्या हेडमास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. चिठ्ठ्या लिहिल्या होत्या विलासनं, आणि तो बेटा स्वतः मात्र त्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर हजर. मी त्याला दोन छड्या मारल्या आणि घरी जाऊन यजमानांना हे सांगताना पोट धरून हसले. मास्तरीण म्हणून मी जे काही चुकले असेन, त्यात ते हसणं मी पहिलं धरते.

दोन हजार सालाच्या आसपास त्यानं आमच्या गल्लीत, वडिलांच्या गाळ्यात, कॉम्प्युटरचा क्लास काढला. पुढं त्यातच इंटरनेट कॅफे झालं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत बूट. गल्लीतली पोरं त्याला 'सर' म्हणायला लागली तेव्हा मला गंमत वाटायची. मला मात्र तो रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा. "बाई, तुमच्यामुळं," असं म्हणायचा. मी फुगायची. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं ते ऐकून.

आतल्या खोलीत काय चालतं ते आम्हांला माहीत नव्हतं. त्यानं आणि त्याच्या सुहास नावाच्या मित्रानं मिळून इंटरनेटवर एक कंपनी उभी केली होती. नाव इंग्रजी, पत्ता मुंबईचा. 'घरबसल्या टायपिंग करा' अशी तिची जाहिरात. आधी नोंदणीचे पैसे भरायचे, मग कंपनी पानं पाठवणार, ती ठरलेल्या दिवसांत टाइप करून परत पाठवायची. पाठवली की कंपनीचं उत्तर यायचं: आपल्या कामात चुका फार आहेत, अचूकता कमी पडली, सबब मोबदला मिळणार नाही. कुणी फारच भांडलं तर त्याला वकिलाच्या नावानं दम देणारं पत्र. कंपनी म्हणजे समोरच्या गाळ्यातली दोन टेबलं आणि हे दोन दिवटे.

हे कळलं ते एका मुलीमुळं. हातकणंगल्याहून सकाळच्या गाडीनं आली होती. पंचविशीची असेल, साधी सुती साडी, काखेत कापडी पिशवी. फसलेल्यांपैकी कुणीतरी पोलिसांत ओळख काढून या गाळ्याचा पत्ता शोधला होता, तो तिच्याकडं कागदावर लिहिलेला होता. माझ्याच दाराशी येऊन तिनं विचारलं. मी तिला पाणी दिलं, समोर बोट दाखवलं, आणि काय प्रकार आहे बघावं म्हणून मागोमाग गेले. तिनं पिशवीतून छापलेल्या कागदांची ही एवढी चळत काढली. दीड महिना, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर, लेकराला मांडीवर घेऊन तिनं ती पानं टाइप केली होती. ती रडली नाही, ओरडली नाही, पैसेसुद्धा मागितले नाहीत.

"चुका झाल्या असतील तर माझ्या झाल्या असतील," ती म्हणाली. "कुठं झाल्यात तेवढं दाखवा. म्हंजे पुढच्या बारीला न्हाई करणार."

विलास तिच्याकडं बघत राहिला. मग "कंपनी मुंबईची आहे, मी नुसता एजंट," असलं काहीतरी पुटपुटला. मी त्याला पाढे म्हणायला उभं केलेलं होतं, त्याचं पुटपुटणं मला चांगलं ओळखू येत होतं. त्या मुलीला मी एसटी स्टँडपर्यंत सोडून आले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पोलिसांची गाडी गल्लीत आली आणि दोघांना घेऊन गेली.

सगळं धरून दोन वर्षं तो आत होता. तेवढ्यात त्याची आई हुपरीला, लेकीच्या घरी, वारली. सुटून आला तेव्हा डोक्यावरचे केस निम्मे गेले होते आणि पांढऱ्या शर्टाची जागा मळखाऊ बंडीनं घेतली होती. गल्लीला वाटलं, गाळा विकून तोंड काळं करील. पण यानं एके दिवशी कबनूरहून टेम्पोत घालून एक जुनी पिठाची गिरणी आणली.

"गिरणी का रे?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई असं ठरवलंय, बाई. आणि गिरणीत कसं असतंय, लोक त्यांचं आणून देत्यात आणि ज्याचं त्याला परत द्यायचं असतंय. एवढंच काम."

आता गिरणीचं काम एवढंच असतं खरं, पण त्याला एक रीत असते, ती सांगायला हवी. आमच्याकडं दळणाला दळप म्हणतात. बायका सकाळी कामाला जाता जाता दळपाचा डबा गिरणीत ठेवतात, 'गहू, बारीक' नाहीतर 'जोंधळा' एवढं ओरडून सांगतात आणि निघून जातात. झाकणावर ऑइलपेंटनं आडनाव घातलेलं असतं. संध्याकाळी परत येताना पीठ न्यायचं. आपला चांगला गहू काढून घेऊन गिरणीवाल्यानं दुसरा घातला नसेल, ओंजळभर काढून ठेवलं नसेल, हे सगळं धरून चाललेलं असतं. कुणी तसं बोलून दाखवत नाही, विचारत नाही. डबा ठेवला, पाठ फिरवली, संपलं.

विलासच्या गिरणीत कुणी पाठ फिरवली नाही.

दळप यायचं. दुसरी गिरणी दोन गल्ल्या पलीकडं, चढाची वाट, त्यामुळं यायचंच. पण बाई डबा द्यायची आणि उभी राहायची. पीठ जिथून पडतं त्या कापडी सोंडेवर नजर ठेवून, पदरानं नाक झाकून, शेवटची चिमूट पडेपर्यंत उभी. प्रत्येकीला तो म्हणायचा, "डबा ठेवून जावा की. दळून ठेवतो." आणि ती म्हणायची, "असू दे, थांबतो. मला कुठं गडबड हाय?" ज्या बाईला पोराला शाळेत सोडायची घाई, चुलीवर भात, तीसुद्धा तिथं उभी राहून सांगायची की गडबड नाही.

त्यानं मग बसायला एक बाकडं आणून टाकलं. दळून झालं की सोंडेला तीन टपल्या मारायचा, अडकलेलं पीठ खाली पाडायचा, हातानं डब्याचा काठ पुसायचा. धान्य ओतायच्या आधी सुपात घेऊन निवडायचा. कोण गिरणीवाला दळप निवडतो? हा निवडायचा. वर निघालेले खडे कागदाच्या पुडीत बांधून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. "तुमचे खडे." एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, खडे घेऊन मी काय करू? आमटीत घालू?" तर म्हणाला, "टाकून द्या, बाई. पण तुमच्या घरी टाका. माझ्याकडं तुमचं काय राहायला नको." हसावं की काय करावं ते मला कळेना. पुडी घेऊन घरी आले आणि कुंडीत टाकली.

एवढ्या दिवसांत त्या कंपनीबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, माझे गहू चालले होते. यंत्राच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं ते बोलणं जरा विचित्रच वाटलं.

"ती हातकणंगल्याची ताई आठवती, बाई?"

"आठवते."

"तिला मी चुका दाखवू शकलो न्हाई. का सांगू? फाइल मी उघडलीच न्हवती. कुणाचीच उघडली न्हाई. दीड-दीड महिना माणसं बसायची, डोळं फोडायची, आणि आम्ही न बघताच चुका हायत म्हणून कळवायचो. तिचं एकसुद्धा पान चुकलं नसंल, बाई."

माझं दळप संपलं होतं. त्यानं सोंडेला टपल्या मारल्या. मी डबा उचलून घरी आले.

सुहास सुटल्यावर पुण्याकडं गेला होता. तिथल्या कुठल्याशा नव्या वस्तीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान घातलं, आणि सरळ मार्गानं ते चांगलं चाललं. तो विलासला सारखा फोन करायचा, इकडं ये, इथं आपल्याला कोण ओळखत नाही. मीसुद्धा म्हटलं, जा की बाबा. इथं कशाला रोज बायकांच्या नजरा झेलतोस?

"तिथं गिरणी घातली तर डबा ठेवतील की, बाई. का न्हाई ठेवणार? पण ते मला ओळखत न्हाईत म्हणून ठेवतील. त्याला काय अर्थ हाय? हितं सगळ्यांस्नी सगळं माहीत हाय. सगळं माहीत असून हितल्या एका जरी माणसानं डबा ठेवून पाठ फिरवली, तर मी सुटलो."

"कोर्टानं सोडलंय की तुला."

"कोर्टानं सोडलं. गल्लीनं कुठं सोडलंय?"

असं बोलून तो माझ्या डब्याचं झाकण लावत बसला. झाकण लागलेलंच होतं. तो माझ्याकडंच मागत होता, हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी त्याची चौथीची मास्तरीण, मीच तिथून उठून जायला पाहिजे होतं. पण मी बाकड्यावरच बसून राहिले. पुढच्या आठवड्यातही बसले. 'घरी बसून तरी काय करू, इथं तेवढंच बोलणं होतं,' असं मी सांगायची. तो म्हणायचा, "बसा की, बाई." मला त्याची भीती नव्हती, पिठाचीही काळजी नव्हती. सहा चिठ्ठ्या मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. माणूस एवढं गोड अक्षर एकदा काढू शकतो, तर पुन्हा काढणार नाही कशावरून? लाज वाटते लिहायला, पण होतं ते असं होतं.

डबा ठेवला तो तारामावशींनी.

तारामावशी मंडईत भाजी विकायच्या. साठी उलटलेली, आवाज खणखणीत, गुडघे कामातून गेलेले. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास, तीस वर्षं कधी मोडला नव्हता. घटस्थापनेच्या आदल्या सकाळी वरी आणि राजगिरा घेऊन त्या गिरणीच्या पायरीशी आल्या. विलास त्या वेळी दगडाला टाकी लावत होता. म्हणजे दगड झिजून गुळगुळीत झाले की छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करायचे असतात, ते काम.

"किती वेळ लागंल?"

"तासभर तरी लागंल, मावशी. उपवासाचं हाय, सगळं धुऊन-पुसून घ्यायला पायजे. तुम्ही डबा ठेवून..." आणि तो पुन्हा छिन्नी ठोकायला लागला. सवयीनं बोलून गेला होता.

"ठेवतो की. न्हाईतर काय तुझी राखण करत बसू? माझी भाजी सुकाय लागली तिकडं. सांजच्याला येतो." डबा ठेवून मावशी लंगडत निघूनसुद्धा गेल्या. त्यांनी काही मोठं मन वगैरे दाखवलं नव्हतं. त्यांना खरोखरच मंडईत जायचं होतं.

विलास रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. हातात छिन्नी तशीच. "बाई, तारामावशीनं डबा ठेवला," म्हणाला आणि दारातच खाली बसला. छड्या खाऊन न रडणारं पोर, डोळे पुसत होतं. मी त्याला चहा केला. त्या वेळी मला आनंद झाला, आणि त्या आनंदात दुसरंही एक होतं: बरं झालं, आता माझ्यावरचं ओझं गेलं.

संध्याकाळी मावशी पीठ घेऊन गेल्या. घट बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी विलास माझ्या दारात उभा, तोंड उतरलेलं, हातात एक पुडी.

टाकी लावल्यावर दगडात बारीक कच राहते, ती काढायला ओंजळभर गहू दळून टाकून देतात. सगळेच गिरणीवाले असं करतात. पण पुढचं दळप उपवासाचं असेल, तर त्या गव्हाचा कण राहू नये म्हणून मग मूठभर वरी दळून तीही टाकायची, आणि मगच उपवासाचं घालायचं. विलासनं त्यासाठी मुद्दाम वरी विकत आणून ठेवली होती. ती पुडी त्याला कोनाड्यात सापडली. फोडलेलीच नव्हती. आनंदाच्या भरात तो ती पायरीच विसरला होता. गव्हावरच त्यानं मावशींची वरी दळली होती, आणि मावशींनी दोन दिवस त्याच पिठाची भाकरी खाल्ली होती.

"गप्प बस," मी म्हटलं. "चिमूटभर गहू गेला असेल पोटात. त्यांना ठाऊक नाही, तुला ठाऊक नाही असं समज. कुणाला कळणार आहे?"

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "समोरच्याला कळत न्हाई, याच्यावरच तर माझा सगळा धंदा चालला होता."

मी वरमले. तरीसुद्धा म्हटलं, निदान नवरात्र तरी सरू दे. तो म्हणाला, "तवर त्या तेच पीठ खातील." आणि वळला. मी चपला घालून त्याच्यामागं गेले. मावशींच्या घरी त्या आणि सून दोघी होत्या. विलासनं पुडी त्यांच्यापुढं ठेवली आणि काय चुकलं ते सगळं ओळीनं सांगितलं, एक शब्द मागंपुढं न करता. मावशी पाटावर बसल्या. पुडीकडं बघत राहिल्या.  डोळ्यांतून पाणी आलं.

"तीस वर्सं, रे," एवढंच त्या म्हणाल्या. मग, "सांगितलास, बरं केलास."

सुनेनं तसं मानलं नाही. तिनं दारातच आवाज चढवला, दुपारपर्यंत ते मंडईत पोचलं, आणि मंडईत पोचलं म्हणजे पेठेत पोचलं. तोवर त्यात भरही पडली होती. मुद्दाम केलं. वरी काढून घेतली आणि गव्हाचं पीठ भरलं. म्हातारीनं विश्वास टाकला आणि यानं लगेच गुण दाखवला. त्यानं आपल्या पायांनी जाऊन सांगितलं, ही गोष्ट त्या सांगण्यातून कधीच गळून गेली. मी चारचौघींना सांगून बघितलं. "बाई, तुमचा विद्यार्थी न्हवं का तो," असं म्हणून त्या हसल्या. ज्या उभ्या राहून दळून घ्यायच्या त्याही चढाच्या वाटेनं दुसऱ्या गिरणीत जायला लागल्या. मावशींना यायचं होतं असं मला त्यांनीच एकदा मंडईत सांगितलं, पण सून येऊ देईना.

दिवाळीपर्यंत त्यानं तग धरला. माझं दळप मी नेतच होते, आणि हो, बाकड्यावर बसतच होते. आता तर मी त्याला सोबत म्हणून बसते असंही स्वतःला सांगायची सोय झाली होती. "डबा ठेवून जावा" म्हणायचं मात्र त्यानं त्या दिवसापासून सोडलं. मी डबा दिला की स्वतःच बाकडं पुढं ओढायचा. मग एके दिवशी त्यानं गाळा आणि गिरणी दोन्ही विकून टाकलं आणि हुपरीला बहिणीकडं गेला. तिच्या घरी चांदीचे पैंजण करतात. त्याला तिथं पैंजणांना कड्या जोडायचं काम मिळालं.

गिरणी घेतली ती सीमेपलीकडून आलेल्या एका मध्यमवयीन माणसानं. कानडी वळणाचं बोलायचा. तो कोण, कुठला, आधी काय करत होता, गल्लीत कुणाला काही माहीत नव्हतं, कुणी विचारलंही नाही. टाकी लावायचं काम त्याला नीट येत नव्हतं. ते शिकवायला एक दिवस येतो असं विलासनं त्याला कबूल केलं होतं. त्याप्रमाणं नवीन माणूस येऊन आठवडा झाल्यावर तो सकाळच्या एसटीनं आला. मी रस्त्याकडच्या सोप्यात शेंगा निवडत बसले होते.

पायरीवर डब्यांची रांग लागली होती. आठ-नऊ असतील. पितळी, स्टीलचे, एक तेलाचा पत्र्याचा. बायका ठेवून कामाला निघून गेल्या होत्या. विलास पायरीशी थांबला. वाकून एकेका झाकणावरचं आडनाव वाचायला लागला. ती सगळी आडनावं त्याच्या ओळखीची होती. तिसऱ्या झाकणाशी तो जरा जास्त थांबला आणि मान वर करून त्यानं माझ्या घराकडं बघितलं. तो डबा माझा होता. सकाळी भाजी आणायला जाता जाता मी तो ठेवला होता, 'गहू, बारीक' म्हणून ओरडले होते आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. 

"बाई," त्यानं रस्त्यापलीकडून हाक दिली, "डबा ठेवलासा व्हय? बरं केलासा. माणूस चांगला हाय ह्यो. मी बघितलंय. बिनघोर ठेवत जावा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी आजवर पुष्कळ शोधला, नव्हताच. आत जाऊन तो दगड ठोकायला बसला, आणि मी सूप उचलून घरात गेले ती दुपारी तो निघून जाईपर्यंत सोप्यात आले नाही.